तीन किलोच्या आत

नवरात्रात मी घर सोडून कुठे जात नाही. देवीपुढे अखंड दिवा असतो. त्याची वात सारायला, तेल घालायला कुणीतरी घरात लागतं. सिंगापुरात बुकित बातोकला आमचा फ्लॅट बराच वरच्या मजल्यावर आहे. खिडकी जरा उघडी राहिली की वारा थेट देवघरापर्यंत पोचतो. म्हणून मी घरी बसलेली बरी.

यंदा त्याचा फायदा मैत्रेयीच्या रोबोटला झाला. शाळेची वर्कशॉप लवकर बंद होते. हाफिझच्या घरी धाकटी भावंडं आहेत, त्यांना सगळ्याला हात लावायचा असतो. शू-येनकडे मांजर आहे आणि ते वायरी चावतं. आमच्याकडे मी दिवसभर घरात, जेवणाचं टेबल मोठं, शिवाय उपासाचं का होईना पण खायला काहीतरी असतंच. तेव्हा शाळा सुटली की तिघं आमच्याकडेच यायची. त्यांचं आपसातलं बोलणं सगळं इंग्रजीत. मी इथे आपल्या भाषेत लिहिते आहे, त्यांचे 'लाह' आणि 'हॉर', म्हणजे आपलं वाक्याच्या शेवटचं 'ना' किंवा 'काय', तेवढे जिथल्या तिथे राहू देते.

रोबोटचं नाव बाओ. इथे तो वाफवलेला पांढरा गोल पाव मिळतो ना, वरून चुण्या घातलेला, त्याच्यावरून. वरचं झाकण मैत्रेयीने तसंच बनवलं होतं, थ्रीडी प्रिंटरवर, पांढरंशुभ्र, कडेने चुण्या आणि मधोमध पीळ दिलेली छोटीशी शेंडी. खाली मात्र सगळं लोखंड-ॲल्युमिनियमचं काम. मोटारी आणि पुढचं पोलादी पातं हाफिझचं. समोरचा गडी कुठे आहे ते ओळखणारे सेन्सर शू-येनचे. सांगाडा आणि झाकण मैत्रेयीचं. ती तिघांची कॅप्टन.

स्पर्धा म्हणजे कुस्तीच. गोल काळ्या पाटावर दोन रोबोट सोडायचे, ज्याने दुसऱ्याला खाली ढकललं तो जिंकला. वजन तीन किलोच्या आत हवं. हलका रोबोट लगेच ढकलला जातो, म्हणून प्रत्येक जण तीन किलोला अगदी चिकटून राहायला बघतो. आणि एक ग्रॅम जास्त झालं की पाटावर पायसुद्धा ठेवू देत नाहीत.

हे मला कसं माहीत, तर मागच्या वर्षी मैत्रेयी मोठ्या मुलांच्या संघात मदतीला होती. त्यांचा रोबोट वजनाच्या टेबलावरूनच परत आला. एकही कुस्ती नाही. ती घरी आली, बूट काढले आणि माझ्याजवळ येऊन बसली. नंतर कधीतरी म्हणाली, "आई, हरलो असतो तर चाललं असतं गं. पण आम्हाला कोणी खेळूच दिलं नाही."

यंदा तिचा स्वतःचा संघ होता आणि तिचं म्हणणं एवढंच होतं: त्या टेबलाच्या पलीकडे जायचं. पुढचं पुढे.

त्यामुळे घरात वजनाचं वेडच लागलं होतं. तळाच्या पट्टीला भोकं पाडून चाळण करून झाली. लोखंडी स्क्रूंच्या जागी प्लॅस्टिकचे आले. टायर सुरुवातीला भरीव रबराचे होते, ते काढून स्पंजासारख्या मऊ रबराचे हलके टायर बसवले. माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा कायमचा बैठकीत गेला. मला भगर अंदाजानेच घ्यावी लागायची. एकदा मैत्रेयीने माझं मंगळसूत्र मागितलं. "फक्त बघायचंय किती भरतं," म्हणाली. शामकांत, म्हणजे माझे यजमान, पेपरामागून म्हणाले, "दे बरं. वीस वर्षं मलाही जाणून घ्यायचंय."

ते जहाजावर मरीन इंजिनिअर. सुट्टी संपायला थोडे दिवस होते, म्हणून सणाला घरी होते. एरवी आमचा दसरा व्हिडिओ कॉलवर होतो.

शुक्रवारी खंडेनवमी होती, शनिवारी दसरा आणि शनिवारीच सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला स्पर्धा. माझ्या माहेरी सांगलीला छापखाना होता. खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसायची, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, त्यांना एक दिवस विश्रांती. माझे वडील एरवी कामाला फार कडक, पण त्या दिवशी कुणी तातडीची लग्नपत्रिका घेऊन आलं तरी हात जोडून परत पाठवत. तो नेम मी सिंगापुरातही ठेवला आहे. आता छापखाना नाही. शिवणयंत्र आहे, सुऱ्या-कात्र्या आहेत, यांची हत्यारांची पेटी आहे.

बाओला पूजेत ठेवायचं मीच सुचवलं, पण भीतभीतच. मुलं दुसऱ्या धर्मांची, त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? हाफिझ म्हणाला, "आंटी, माझ्या आईने दुआ केलीये, शू-येनच्या पोपोने, म्हणजे आजीने, देवळात उदबत्ती लावलीये. तुम्ही पण करा लाह. सगळीकडून सांगितलेलं बरं."

दुपारी मुलं शाळेतून आली. बाओ काट्यावर ठेवला. दोन हजार नऊशे एक्याण्णव. तिघांनी एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या. मग मी पाटावर लाल वस्त्र घातलं. त्यावर यांची पेटी उघडून ड्रिल, पाने, स्क्रूड्रायव्हर, कानस, छोटी करवत. एका बाजूला माझ्या कात्र्या आणि सुऱ्या. मधोमध बाओ. झेंडू मी टेक्काच्या बाजारातून आदल्या दिवशी यांच्याकडून आणवला होता. मुलं म्हणाली, तोवर आम्ही खाली जाऊन बबल टी घेऊन येतो. मी यांच्या हातात तेलाची वाटी दिली, म्हटलं, "अहो, तेवढं सगळ्यांना तेल लावून घ्या, मी नैवेद्याचं बघते."

इथेच चुकलं. सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, हे मी सांगितलं नाही. आणि ज्या माणसाचं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, त्याला फिरणारी वस्तू कोरडी बघवते का?

पूजा छान झाली. मुलं वर आली, हात जोडून उभी राहिली, प्रसादाचा पेढा खाल्ला. शू-येन वाकून बाओच्या कपाळावरचं, म्हणजे झाकणावरचं, कुंकू बघत होती. मग तिने चाकाला बोट लावलं. बोट नाकाशी नेलं.

"आंटी," ती म्हणाली, "चाक असं चमकतंय का?"

शामकांत अभिमानाने म्हणाले, "चारही चाकांना आतबाहेर दिलंय. मस्त फिरतील आता."

"बाबा!" मैत्रेयी एवढंच म्हणाली.

हाफिझने डोक्याला हात लावला. "अंकल, ते ग्रिपसाठी असतात. टायर. ग्रिप!"

यांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. मोठाल्या जहाजांची इंजिनं उघडून बसवणारा माणूस, खुर्चीच्या पाठीला धरून उभा. "अरे देवा," म्हणाले. "टायरला तेल. मी. टायरला तेल लावलं."

मुलांनी चाकं हाताने ओढून काढली. ती नुसती दाबूनच बसवलेली असतात. भांड्याच्या साबणाने धुतली, गरम पाण्याने धुतली. पण स्पंजच तो. वरून कोरडा वाटायचा आणि दाबला की तेल पुन्हा बाहेर. टेबलावर घासून पाहिलं तर लोण्यावरून सुरी जावी तसं सरकत होतं. नवे टायर मागवले तर यायला आठवडा.

"जुने आहेत," मैत्रेयी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "भरीव रबराचे. माझ्या खोलीत."

ते बसवले. काट्यावर ठेवलं. तीन हजार एकोणचाळीस.

मैत्रेयी त्या आकड्याकडे बघत राहिली आणि मला मागच्या वर्षीची, बूट काढणारी मैत्रेयी दिसली.

"ठीक आहे," हाफिझ म्हणाला, "ड्रिल कुठंय? अजून भोकं पाडू." हात पुढे केला आणि पाटापाशी येऊन थांबला. ड्रिलवर झेंडूचं फूल होतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी काय सांगणार होते? माझा नेम माझ्यापुरता. तीन मुलांच्या वर्षभराच्या मेहनतीपेक्षा तो मोठा म्हणायचं धाडस मला नव्हतं. पण नुकतंच जे मनोभावे ठेवलं, ते तासाभरात उचलून कामाला जुंपायचं, हेही जिवावर येत होतं. मी म्हटलं, "थांबा. मी देवीची क्षमा मागते, मग घ्या."

मैत्रेयी मध्येच म्हणाली, "नको, आई."

"अगं, पण..."

"उद्या सकाळी लवकर सुटतात ना ती? मग उद्या. तसंही आत्ता रागाने भोकं पाडली तर चुकीच्या जागी पडतील."

"आणि माझा चुलता म्हणतो," हाफिझ म्हणाला, "सुट्टीवरच्या माणसाला फोन करायचा नाही. ड्रिल सुट्टीवर आहे लाह."

शू-येनने हळूच विचारलं, "हात सुट्टीवर आहेत का?"

मला हसू आलं. छापखान्यात त्या दिवशी यंत्रं थांबलेली असत, पण बाबा आणि कामगार हातांनी अक्षरांचे खिळे निवडून खणात लावतच असत. मी म्हटलं, "हात नाहीत." मग पाटाला नमस्कार केला, बाओला आधीच उठवल्याची क्षमा मागितली आणि टेबलावरच्या बाओकडे वळले.

टेबलाभोवती सगळे बसले. मैत्रेयीने लॅपटॉप उघडला. त्यात बाओच्या प्रत्येक भागाचं वजन लिहिलेलं होतं. काय काढता येईल याची चर्चा सुरू झाली आणि लवकरच ते भांडण झालं.

"मागचा सेन्सर काढ," हाफिझ म्हणाला. "मागून कोण येतंय?"

"मागूनच येतात!" शू-येन म्हणाली. "तुझं पातं कमी कर. केवढं जाड आहे."

"पातं कमी केलं तर ढकलायचं कशाने? तुझ्या प्रोग्रामने?"

"पात्याला वरून दोन भोकं," मैत्रेयी म्हणाली, "आणि सेन्सरची पट्टी अर्धी."

हाफिझ खुर्चीत मागे रेलला. "हां. आणि कॅप्टनचं झाकण? त्याला कधीच काही नाही, हॉर? त्याला शेंडीसुद्धा आहे."

"झाकणाने वायरी झाकल्या जातात."

"शेंडीने काय झाकलं जातं?"

मैत्रेयी लाल झाली. ते झाकण तिने किती वेळा छापलं होतं, मला ठाऊक होतं. पहिलं वाकलं, दुसरं चिरलं. हे जमलं त्या दिवशी ते उशाशी घेऊन झोपली होती. मी उठून साबुदाण्याची खिचडी आणली. भांडताना पोटात काही असलं तर माणूस जरा कमी भांडतो. हाफिझला तिच्यातले दाणे फार आवडतात. शू-येनने पिशवीतून चिप्सचं पाकीट काढलं, कात्री मागितली, मग पाटाकडे पाहून "सॉरी, सॉरी" म्हणत ते दातांनी फाडलं.

शामकांत कोपऱ्यातून उठून आले. ते लॅपटॉपवर वाकून म्हणाले, "मैतू, या सगळ्या भागांची बेरीज किती?"

"जुने टायर धरून दोन हजार नऊशे चौऱ्याण्णव."

"आणि काटा म्हणतो तीन हजार एकोणचाळीस. मग मधले पंचेचाळीस ग्रॅम कुठून आले?"

तिघं एकमेकांकडे बघू लागली.

"आमच्या जहाजाचंही असंच असतं," ते म्हणाले. "बांधताना कागदावर वजन लिहिलेलं असतं. पण पाण्यात मोजलं की जास्त भरतं. रंगावर रंग चढलेला असतो, टाकीत गाळ बसलेला असतो, जुने दोर, कुणीतरी 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले पाइप. कुणाच्याच हिशेबात नसलेलं वजन. आम्ही त्याला कॉन्स्टंट म्हणतो. नाव कॉन्स्टंट, पण मेला दर वर्षी वाढतो."

"आपल्या माळ्यासारखा," मी म्हटलं.

"माळा तुझा, कॉन्स्टंट माझा." मग मुलांना म्हणाले, "तुमच्या बाओमध्ये बघा बरं. भांडायच्या आधी गाळ काढा."

झाकणाचे स्क्रू हाताने फिरवून सोडवायचे होते, ते निघाले. आत पाहिलं आणि मलाही कळलं ते काय म्हणत होते ते. वायर हलली की गरम गोंदाचा थेंब, पुन्हा हलली की त्यावर अजून एक. प्रत्येक जोडाला काळी टेप, टेपवर टेप. बॅटरीखाली स्पंजचे तीन थर, कारण तिघांनी वेगवेगळ्या दिवशी आपापला घातलेला. हाफिझने नखाने गोंदाचा एक मोठा गोळा उचकटला. तो पूर्ण निघाला, तुकतुकीत, मेणाच्या बाहुलीच्या डोक्यासारखा.

"हे कोणी लावलं?" त्याने विचारलं.

"तूच," दोघी एकदम म्हणाल्या.

मग सगळे जण नखं लावून बसले, मीही. गोंद सोलायचं काम वाल सोलण्यासारखं आहे, घाई केली तर तुटतो. मैत्रेयी टेप सोडवत होती, शू-येन जोड तपासत होती, हे बशीत कचरा गोळा करून पुन्हापुन्हा काट्यावर ठेवत होते आणि आकाशवाणीच्या निवेदकासारखे आकडे सांगत होते. बोलता बोलता भांडण कुठे विरलं कळलं नाही. मधूनच हाफिझ नवी टेप सापडली की "कॉन्स्टंट!" ओरडायचा.

झाकण लावून बाओ पुन्हा काट्यावर चढला. तीन हजार आठ.

"आठच!" शू-येन म्हणाली.

"आठ म्हणजे आठ नाही," शामकांत म्हणाले. "हा स्वयंपाकघरातला काटा आहे, सोनाराचा नव्हे. थोडं खाली जायला हवं."

सोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. हाफिझला आणि शू-येनला घरी जायचं होतं. दारात चपला घालताना हाफिझ मैत्रेयीला म्हणाला, "सकाळी तू काय कापशील ते काप. तू कॅप्टन. पातं काप म्हटलंस तरी चालेल."

"सेन्सर काढलास तर मला आधी मेसेज कर," शू-येन म्हणाली. "मला त्याला बाय म्हणायचंय."

मैत्रेयी हसली, पण दार लावल्यावर बराच वेळ टेबलापाशी उभी होती.

सकाळी पूजा पूर्ण होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. स्तोत्रं, मंत्र तेवढे म्हणते. हा माझा रोजचा नेम, घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. दसऱ्याला उजाडायच्या आत आंघोळ केली, आधी हत्यारांची उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, पाट जरासा हलवला. मोकळी झाली सगळी. मैत्रेयी मागे येऊन उभीच होती, केसांतून पाणी गळत होतं. ती वाकून पाया पडली आणि करवत उचलली.

मी माझ्या रोजच्या पूजेला बसले. पाठीमागून तिचा आवाज आला.

"आई, काय काढू?"

मी वळून पाहिलं. तिच्या एका हातात करवत, दुसऱ्या हातात झाकण.

"माहितीये, तू बोलणार नाहीस. नुसती मान हलव. पातं? सेन्सर?"

मी मान हलवली नाही. खरं तर माझ्या मनात होतं, झाकण राहू दे गं, दुसरं काहीतरी बघ. तोंड उघडं असतं तर तेच निघालं असतं. आईच्या तोंडून दुसरं काय निघणार? पण तोंड बंद होतं. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले.

तिने झाकण उजेडात धरून पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाली, "शेंडीने काहीच झाकलं जात नाही."

बाथरूमच्या ओट्यावर जाऊन तिने शेंडी कापली. करवतीचा आवाज येत होता, माझे श्लोक चालू होते आणि दोन्ही एकदमच संपले. मी पाहायला गेले तेव्हा पांढऱ्या भुशात ती बसली होती आणि बाओच्या डोक्यावर वेडावाकडा खड्डा पडला होता.

"दोन हजार नऊशे ब्याण्णव," ती म्हणाली. "आई, आता बोललीस तरी चालेल ना?"

मी म्हटलं, "चहा घेतेस?"

घट उठवले, देवीला दहीभात दाखवला आणि मीही त्यांच्याबरोबर बेडोकला निघाले. एवढं सामान घेऊन एमआरटीने, म्हणजे मेट्रोने नको, म्हणून यांनी मोठी टॅक्सी बोलावली. हत्यारांची पेटी यांच्या पायाशी होती. हाफिझने बाओ पाहिला आणि "अय्यो!" म्हणून ओरडला. "याला कुणी चावा घेतला?"

"कॅप्टनने," शू-येन म्हणाली. ती खड्ड्यावरून बोट फिरवत राहिली. हाफिझ खिडकीतून बाहेर बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "छान दिसतोय. खरंच. गरम असताना कुणीतरी खाल्ला असं वाटतंय."

कम्युनिटी सेंटरचा हॉल मुलांनी भरला होता. दाराशीच ते टेबल. त्यावर एक चपटा काटा, आणि मागे गळ्यात शिट्टी अडकवलेली एक तरुण परीक्षक. पाटी लावली होती: वजनाच्या दोन संधी. आमच्या पुढच्या संघाचं एका झटक्यात झालं. मैत्रेयीने बाओ ठेवला आणि हात मागे बांधले.

तीन हजार दोन.

परीक्षकाने मान हलवली, कठोरपणे नाही. "ओव्हर. अजून एकदा आणता येईल. बाजूला जाऊन बघा."

मैत्रेयी बाओ घेऊन भिंतीपाशी आली. ओठ घट्ट मिटलेले. मी जवळ गेले नाही. यांनीही माझा हात धरून ठेवला होता, किती घट्ट, ते त्यांना कळत नसावं.

"सेन्सर काढ," शू-येन म्हणाली. "मागचा. मी प्रोग्राममधून आत्ता बंद करते."

"काही नको, पातं दे," हाफिझ म्हणाला. "अंकलच्या पेटीत कानस आहे. मी कोपरे घासतो."

"तुला वेळ लागेल. सेन्सर पटकन निघतो."

"मागूनच येतात, तूच म्हणालीस!"

"कमी येतात!"

"अगं पण कालच..."

"तुम्ही दोघं गप्प बसा, लाह," मैत्रेयी म्हणाली. तिने झाकण उलटं धरलं होतं. "झाकणाला सहा स्क्रू कशाला? चार पुरेत. हे तेवढे लोखंडी राहिलेत, प्रत्येकी तीन-तीन ग्रॅमचे." तिने अंगठ्याने एक फिरवायला घेतला. तो घट्ट होता. शामकांतनी पेटीतून पक्कड काढून पुढे केली. एक निघाला, दुसरा निघाला. हाफिझने झाकण हलवून पाहिलं, शू-येनने हलवून पाहिलं. हललं नाही.

दुसऱ्यांदा टेबल. मैत्रेयीने बाओ ठेवला. आकडा थरथरू लागला. नव्याण्णव, तीन हजार, सत्त्याण्णव, पुन्हा तीन हजार. वर एसीचा झोत थेट काट्यावर येत होता. परीक्षक उठली, दोन्ही हातांनी बाओभोवती आडोसा धरला, दिव्याला धरतात अगदी तसा. आकडा शांत झाला.

दोन हजार नऊशे शहाण्णव.

"ओके," ती म्हणाली. "पास."

मैत्रेयीने श्वास सोडला, तो मला तिथून ऐकू आला. हाफिझ जागच्या जागी उडी मारत होता. शामकांत रुमाल शोधत होते, आणि मी मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं.

परीक्षकाने ड्रॉवरमधून हिरवं, चांगलं जाडजूड स्टिकर काढलं आणि बाओवर चिकटवायला हात पुढे केला.

"नो!" तिघं एकदम ओरडली. हाफिझने तर दोन्ही हात बाओवर आडवे धरले. "मॅडम, त्याचं वजन किती?"

ती क्षणभर गोंधळली. मग हसत सुटली, इतकी की शिट्टी तिच्या गळ्यात हलायला लागली. "ते धरत नाहीत," तिने सांगितलं. "शपथ. स्टिकर आमच्याकडून."

मैत्रेयीने हाफिझचे हात बाजूला केले. परीक्षकाने ते हिरवं स्टिकर बाओच्या खड्ड्याशेजारी नीट दाबून बसवलं आणि पुढच्या संघाला बोलावलं. मुलं टेबलाच्या पलीकडे, कुस्तीच्या पाटाच्या दिशेने गेली. मैत्रेयीने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.